मोठ्या दुकानांना माल देताना

शहरात साखळी पद्धतीची मोठी दुकाने झाली आहेत. त्यांना भाजीपाला, फळे, आले, मोसंबी रोज लागते. आपल्या जिल्ह्यात कन्नड, खुलताबाद, फुलंब्रीकडे आले होते, पैठणकडे मोसंबी होते. मग या दुकानांना थेट माल द्यावा की नाही, असे पुष्कळ जण विचारतात. द्यावा, पण हिशेब मांडून द्यावा.

कायद्याची वाट मोकळी आहे. 2006 साली राज्याने पणन कायद्यात दुरुस्ती करून थेट खरेदी, खाजगी बाजार आणि करार शेतीला परवानगी दिली. 2016 साली फळे व भाजीपाला नियमनमुक्त झाला. म्हणजे हा माल बाजार समितीच्या आवाराबाहेरही विकता येतो.

दुकानदार, सरकार आणि शेतकरी एकत्र आले तर काय होते, हे द्राक्षबागायतदारांनी दाखवून दिले आहे. 1991 साली द्राक्ष सहकारी संस्थांनी मिळून 'महाग्रेप्स' उभी केली. तिला राज्य कृषी पणन मंडळाचा आणि केंद्राच्या संस्थांचा हात मिळाला. गावोगावी पूर्वशीतकरण व शीतगृहे झाली, आणि आपली द्राक्षे युरोपातील दुकानांत जाऊन बसली. पण त्या दुकानांनी 1997 पासून स्वतःचे नियम केले. औषध कोणते मारले, केव्हा मारले, याची नोंद मागितली. 2003 साली कीटकनाशकाच्या अंशावरून आणि 2010 साली वाढरोधकाच्या अंशावरून आपली द्राक्षे तिकडे अडकली. बागायतदारांना मोठा फटका बसला. दिसायला घड चांगलेच होते, चूक डोळ्यांना न दिसणारी होती. तेव्हा फवारणीची वही ठेवा. औषधाच्या डब्यावर फवारणी आणि काढणी यांत जितके दिवस लिहिले असतील, तितके थांबाच.

आता भावाचे बोलू. दुकानाचा भाव चढा दिसतो, पण तो निवडक मालाचा असतो, बरं का. नुसते उदाहरण घेऊ. 100 किलो टोमॅटो आहेत. बाजारात सगळा माल 16 रुपयांनी गेला, तर 1,600 रुपये. गाडीभाडे, हमाली 150 गेली, हाती 1,450. दुकानाच्या केंद्राने 20 रुपयांनी 60 किलो घेतले, त्याचे 1,200. उरलेले 40 किलो खर्च वजा जाता 8 रुपयांनी गेले, त्याचे 320. एकूण 1,520. म्हणजे 70 रुपये जास्त. पण केंद्राने 50 किलोच घेतले तर 1,000 अधिक 400, म्हणजे 1,400 आणि 50 रुपयांचा तोटा! सारा खेळ भावात नसून प्रतवारीत आहे.

म्हणून काढणी सकाळी उन्हाच्या आत करा. माल सावलीत ठेवा. पोत्यात न कोंबता क्रेटमध्ये भरा. मोठा, मध्यम, डागी असा शेतावरच वेगळा करा. नाकारलेला माल कुठे घालायचा, ते आधी ठरवून ठेवा.

करार तोंडी करू नका. प्रत, आकार, वजन कोठे होणार, भाव कसा ठरणार, पैसे किती दिवसांत मिळणार, माल नाकारण्याचे कारण लेखी देणार का, हे कागदावर घ्या. कोऱ्या कागदावर सही नको, आणि जमिनीच्या मालकीला धक्का लागेल असे एकही कलम नको. आपणही शब्द पाळावा. बाजार चढला की माल तिकडे, पडला की दुकानाकडे, असे केले तर पुढच्या हंगामात दारात कोणी येत नाही.

एकट्याच्या दोन क्रेटला कोण विचारतो? गट करा. किमान 10 शेतकरी मिळून उत्पादक कंपनी काढता येते. शेतकरी कंपन्या आणि खरेदीदार यांची लेखी सांगड घालण्यासाठी राज्याने जागतिक बँकेच्या साहाय्याने 2020 पासून 'स्मार्ट' प्रकल्प हाती घेतला. प्रतवारी, पॅकिंग, साठवण अशा मंजूर कामांना त्यात 60 टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. आज कोणत्या योजनेत अर्ज घेतात, याची चौकशी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात किंवा 'आत्मा'कडे करावी. मात्र केवळ अनुदानासाठी कंपनी काढू नये. आधी गिऱ्हाईक पाहावे, मग इमारत बांधावी.

आणि सगळाच माल एका दुकानावर टाकू नका. पहिल्या वर्षी थोडा द्या, पैसे वेळेवर येतात का पाहा, मग वाढवा. बाजार समितीची वाट मोडू नका. दोन दारे उघडी असली, म्हणजे भाव बोलताना आपला आवाज खाली जात नाही.