इमारतीची नाडी कुठे पाहायची?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



मी काही इंजिनीअर नाही. पस्तीस वर्षं बँकेत काढली. पण नातू सिव्हिल शिकतोय, त्याने सांगितलेली एक गोष्ट आज तुमच्यापुढे ठेवतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर २००६ साली बर्कलेच्या विद्यापीठातल्या लोकांनी ६४ वायरलेस सेन्सर बसवले. वाऱ्याने, रहदारीने पूल किती थरथरतो ते मोजायला. मधला गाळाच ४,२०० फुटांचा, तिथे वायरी ओढणं खर्चाचं काम. म्हणून एका सेन्सरने आपलं माप शेजारच्याला द्यायचं, त्याने पुढच्याला, असे तब्बल ४६ टप्पे.

आता ते बसवायचे कुठे? कपडे वाळत घालायची दोरी डोळ्यांपुढे आणा. झोका दिला की मधोमध जास्त हलते. म्हणून सेन्सर मध्ये लावला. पण तीच दोरी एक अर्धी वर, एक अर्धी खाली अशी हलू लागली, तर नेमका मध्यबिंदू स्थिर! तिथला सेन्सर म्हणणार, सगळं ठीक आहे. म्हणून पाव अंतरावरही एक हवा. शिवाय बॅटरीचा हिशोब आहेच. रिसीव्हरजवळच्या सेन्सरला सगळ्यांचे निरोप पोचवावे लागतात, तो लवकर थकतो. थरथर कुठे कळते आणि निरोप कुठून पोचतो, दोन्हीचा मेळ घालून जागा ठरते.

बँकेत आम्ही गोदाम तपासायला जायचो. पुढच्या थप्प्या मोजून सही करणारा अधिकारी हमखास फसायचा. माल मागच्या थप्प्यांत कमी असतो.

आणि तरी मी फसलोच. सहा वर्षांपूर्वी मी खजिनदार होतो. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी, त्यानंतर दर ३ वर्षांनी करायचं असतं. मी म्हटलं, रंग नवा आहे, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या पावसाळ्यात पार्किंगच्या स्लॅबचा थर खाली आला. दहा मिनिटांपूर्वी तिथे मुलं क्रिकेट खेळत होती. आतल्या सळ्या गंजून फुगल्या होत्या. वॉचमनला दोन महिने तिथे ओल दिसत होती. त्याने सांगितलंही होतं, आणि ते मलाच. म्हणजे सेन्सर चालू होता, रिसीव्हर बंद होता.

आपल्या सात मजल्यांना पुलासारखे सेन्सर नकोत. सळईचा सुरुवातीचा गंज थरथरीवरून कळतही नाही. त्याला हातोडीची आणि हाफ-सेलची टेस्ट लागते. पण योग्य जागी बघणं मात्र लागतंच. टाकीखालचे कॉलम, डक्ट, बाथरूमखालचा स्लॅब या आपल्या मागच्या थप्प्या.

आता दुसरं ऑडिट आलंय. इंजिनीअर दारात आले की दार उघडा. फॉल्स सीलिंगखाली ओल असेल तर लपवू नका, शेजाऱ्याशी भांडण होईल म्हणून गप्प राहू नका. आणि सर्वसाधारण सभेत वर्गणीचा ठराव आला की हात वर करा. मी तेव्हा केला नव्हता, या वेळी पहिला माझा असेल.