आळीपाळीची झोप



यवतमाळच्या माणसानं समुद्रावर बोलावं, हे थोडं हसण्यासारखंच आहे. आमच्या जिल्ह्यात कापूस आहे, तूर आहे, सागवान आहे, समुद्र नाही. मी तो पहिल्यांदा पाहिला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, एका कविसंमेलनासाठी मुंबईला गेलो तेव्हा. तोवर समुद्र म्हणजे नानीच्या तोंडची गोष्ट. नाना आणि नानी मुंबईहून आगबोटीनं हजला गेले होते. (ती बोटसेवा १९९५ साली बंद झाली.) नानी सांगायची, "आठवडाभर चहूकडं पाणीच पाणी, आणि वजूला मात्र तांब्याभर पाणी जपून वापरायचं." लहानपणी मला ती थट्टा वाटायची.

ही गोष्ट आठवायचं कारण माझा भाचा. गेल्या ईदला तो पुण्याहून आला आणि त्यानं मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. निळंशार पाणी, नारळीची झाडं, छोटी पांढरी शिडाची होडी आणि तिच्यावर संसार थाटलेलं एक जोडपं. या बेटावरून त्या बेटावर. भाचा म्हणाला, "मामू, जगावं तर असं. ना घरभाडं, ना साहेब."

मी कवी माणूस, लगेच भाळलो. मग या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. एरिक आणि सुसान हिस्कॉक हे इंग्रज जोडपं १९५२ साली जेमतेम तीस फुटांच्या होडीतून निघालं आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १९५५ साली परतलं. एरिकची नजर फार अधू होती. लिन आणि लॅरी पार्डी यांनी तर आपली होडी स्वतः बांधली. लांबी चोवीस फूट. इंजिन नाही, वीज नाही, रात्री रॉकेलचे कंदील. १९६८ साली ती पाण्यात उतरवली आणि पुढं अकरा वर्षं दोघं तिच्यातून फिरले. पैसे संपले की एखाद्या बंदरात लोकांच्या होड्या दुरुस्त करायचे, लेख लिहायचे आणि पुन्हा निघायचे. चोवीस फूट म्हणजे आमच्या बैठकीची खोली आणि तिला लागून स्वयंपाकघर, बस एवढंच.

जसजसं वाचत गेलो तसतशी ती निळी चित्रफीत मागं पडत गेली. अशी होडी ताशी नऊ-दहा किलोमीटरनं चालते. त्या वेगानं यवतमाळहून नागपूरला जायचं तर पंधरा-सोळा तास लागतील. पॅसिफिकमध्ये गॅलापागोसहून मार्केसास बेटांपर्यंतचं अंतर साधारण साडेपाच हजार किलोमीटर. म्हणजे पंचवीस-तीस दिवस जमिनीचं दर्शन नाही. भांडी खाऱ्या पाण्यानं घासायची आणि शेवटी कपभर गोड्या पाण्यानं विसळायची. पाऊस आला की ताडपत्री ताणून पाणी धरायचं. अंडी टिकावीत म्हणून रोज उलटायची. कांदे, बटाटे, कोबी आणि लिंबं यांच्यावर महिना काढायचा.

बेट आलं म्हणजे सुटलो, असंही नाही. बेटाभोवती पोवळ्यांचे खडक असतात. एकानं सुकाणू धरायचं आणि दुसऱ्यानं पुढच्या टोकाला उभं राहून पाण्याचे रंग वाचायचे. गडद निळं म्हणजे खोल, हिरवट म्हणजे उथळ आणि तपकिरी दिसलं की खडक. सूर्य वर असतानाच हे दिसतं. नांगर टाकायचा तर पाण्याच्या खोलीच्या चार-पाचपट साखळी सोडायची. नवरा-बायकोची सगळ्यात जास्त भांडणं याच वेळी होतात म्हणे! दक्षिण पॅसिफिकमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल हा वादळांचा काळ, तेव्हा बरीच जोडपी न्यूझीलंडकडं सरकतात. आपले कोकणातले कोळीबांधव नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवतात, त्यातलाच हा प्रकार.

पण माझं मन अडकलं ते रात्रीपाशी. भर समुद्रात नांगर टाकता येत नाही, होडी चालतच राहते. म्हणून तीन-चार तासांच्या पाळ्या लावून एकानं जागायचं आणि दुसऱ्यानं झोपायचं. क्षितिजावर दिसलेलं मोठं जहाज पंधरा-वीस मिनिटांत अंगावर येऊ शकतं. झोपणारा आपला जीव जागणाऱ्याच्या हवाली करून झोपतो. आपल्या नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून निघाल्या आणि जगाला फेरी घालून २९ मे २०२५ ला गोव्यातच परतल्या. आठ महिने, तिसरं माणूस नाही. वाटेत चार बंदरांत थांबल्या, ते सोडलं तर त्यांनाही आलटूनपालटूनच झोपावं लागलं असणार.

हे सगळं मी बायकोला वाचून दाखवलं. ती शिक्षिका आहे, उगाच हरखून जात नाही. म्हणाली, "पाणी मोजून वापरायचं आणि आळीपाळीनं जागायचं. यात नवीन काय? आपल्या घराला फक्त शीड नाही."

खरंच होतं ते. आमच्याकडं शेतकरी नवरा-बायको रानडुकरांपासून पीक राखायला जागलीला जातात, ते दुसरं काय करतात? आणि २०१८ चा उन्हाळा यवतमाळकर कसा विसरेल? निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं आटली होती. पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवस नळ येत नव्हता. येई तो कधी, याचा नेम नव्हता. एका रात्री जागायची पाळी माझी होती. कवितेची एक ओळ जुळवता जुळवता मी खुर्चीतच झोपलो. पाणी आलं आणि गेलं. सकाळी बायकोनं कोरडी टाकी पाहिली. ती रागावली नाही. दोन दिवस बोलली नाही, एवढंच.

ते मी विसरलो होतो. ती विसरली नव्हती, हे तीन वर्षांनी कळलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये आम्हा दोघांनाही कोरोना झाला. मुलगा दूर, शेजाऱ्यांची दारं बंद, दवाखान्यात खाट नाही. दर तीन तासांनी एकमेकांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि आकडा वहीत लिहायचा, असं ठरलं. तिचा आकडा एक्क्याण्णव-ब्याण्णववर घुटमळत होता. पहिल्या रात्री मी म्हटलं, "तू झोप, मी जागतो." तिनं डोळे मिटले, पण ती झोपली नाही. मी हललो की तिचे डोळे उघडत. तिनं काही विचारलं नाही, पण मला ती कोरडी टाकी दिसली.

दुसऱ्या रात्री मी खुर्ची बाजूला सारली आणि तिच्या उशाशी उभाच राहिलो. पाय दुखले की फेऱ्या मारायचो. बारा वाजता आकडा घेतला, तीनला घेतला, सहाला घेतला. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास तिचा श्वास संथ झाला आणि ती गाढ झोपली. मी घाबरून आकडा पाहिला. त्र्याण्णव. तो वहीत लिहिला. सबंध आयुष्यात लिहिलेल्या कुठल्याही ओळीनं मला तेवढं समाधान दिलेलं नाही.

परवा भाच्याचा फोन आला होता. विचारत होता, "मामू, मग होडी कधी घ्यायची?" मी म्हटलं, "बेटा, होडीचं नंतर बघू. आधी लग्न कर आणि रात्री जागायला शीक."