सुरक्षा आणि स्वातंत्र्य : नांदेड-लातूरची साक्ष



मराठवाड्यातील दोन शेजारी जिल्ह्यांनी देशाला दोन गृहमंत्री दिले : नांदेडचे शंकरराव चव्हाण आणि लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर. 1985 च्या मे महिन्यात ‘टाडा’ अमलात आला तेव्हा केंद्रीय गृहमंत्री शंकरराव होते, आणि 1995 च्या मे महिन्यात मुदत संपून तो कायदा लयास गेला तेव्हाही गृहखाते त्यांच्याकडेच होते. 2004 च्या सप्टेंबरमध्ये ‘पोटा’ रद्द झाला तो चाकूरकरांच्या कारकिर्दीत. आणि 2008 च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाल्यानंतर त्यांनाच त्या पदाचा राजीनामा द्यावा लागला. राष्ट्राच्या सुरक्षेसाठी व्यक्तीच्या स्वातंत्र्यावर किती बंधने घालावीत, हा प्रश्न म्हणूनच या भूमीला परका नाही.

सुरक्षेशिवाय स्वातंत्र्य म्हणजे काय, हे मराठवाड्याने फार पूर्वीच भोगले आहे. निजामी राजवटीत ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ नावाचे फर्मान होते. साधी जाहीर सभा घ्यायची तरी सरकारची पूर्वपरवानगी लागे. पुढे लातुरात वकिली करणारा कासिम रझवी रझाकारांचा सर्वेसर्वा झाला. शासनाने रक्षण करायचे ते झुंडींच्या पाठीशी उभे राहिले. असंख्य कुटुंबे घरदार टाकून संस्थानाच्या सीमेपलीकडे बार्शी-सोलापूरकडे निघून गेली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील लढा आणि भारतीय सैन्याची कारवाई यांमुळे 17 सप्टेंबर 1948 रोजी ती राजवट संपली, तेव्हा कुठे मराठवाड्यात स्वातंत्र्य आले. ज्याच्या घरावर रात्री-अपरात्री सशस्त्र टोळी चालून येऊ शकते, त्याला भाषणस्वातंत्र्याचे मोल काय सांगावे? जिवाची शाश्वती हा पहिला मूलभूत अधिकार होय.

परंतु याच भूमीने नाण्याची दुसरी बाजूही पाहिली. 1975 मध्ये अंतर्गत सुरक्षेचे कारण पुढे करून आणीबाणी लादण्यात आली. ‘मिसा’ हा कायदा 1971 चा. देशाची सुरक्षा राखण्यासाठी म्हणून केलेला. त्याच कायद्याखाली विरोधी नेते, पत्रकार आणि कार्यकर्ते विनाचौकशी स्थानबद्ध झाले. 4 जुलै 1975 रोजी रा. स्व. संघासह अनेक संघटनांवर बंदी आली. 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला की, आणीबाणीत स्थानबद्ध व्यक्तीला आपल्या अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही. न्यायमूर्ती हंसराज खन्ना तेवढे एकटे वेगळे मत देऊन उभे राहिले. त्या निर्णयावर न्यायालयाने अखेर 2017 मध्ये काट मारली. ज्या घरांतील कर्ते पुरुष तेव्हा नाशिक किंवा येरवड्याच्या कारागृहात होते, त्यांना वेगळे सांगायला नको की, कायदा कोणाविरुद्ध वापरला जाईल हे तो करणाऱ्याच्या हाती राहत नाही.

एका बाजूला रझाकारी, दुसऱ्या बाजूला आणीबाणी. या दोन अनुभवांच्या उजेडात दहशतवादविरोधी कायद्यांकडे पाहिले पाहिजे.

कठोर कायदा हवाच. सीमेपलीकडून पैसा, शस्त्रे आणि प्रशिक्षण घेऊन येणारा मारेकरी हा साधा गुन्हेगार नव्हे. त्याचा कट अनेक राज्यांत पसरलेला असतो, आणि तपासाला त्यासाठी अधिक वेळ लागतो. 26 मार्च 2002 रोजी संसदेच्या संयुक्त अधिवेशनात 425 विरुद्ध 296 मतांनी ‘पोटा’ संमत झाला, त्यामागे ही निकड होती. तो मागे घेणाऱ्यांनाही ती नाकारता आली नाही. दहशतवादाविषयीची अनेक कलमे त्यांनी त्याच वर्षी 1967 च्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात घातली आणि मुंबईच्या हल्ल्यानंतर 2008 च्या डिसेंबरमध्ये ती आणखी कडक केली. आरोपपत्रासाठी 180 दिवसांपर्यंत मुदत मिळाली, जामीन दुर्मीळ झाला. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. ‘टाडा’ आणि ‘पोटा’ यांना कालमर्यादा होती. ठरावीक वर्षांनी संसदेला त्यांचा पुनर्विचार करावाच लागे. आजचा कायदा कायमस्वरूपी आहे.

मग या कठोरतेने काय साधले? न्यायालयांचे निकालच त्याचे उत्तर देतात. 11 जुलै 2006 रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत सात स्फोट होऊन 180 हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. 2015 मध्ये विशेष ‘मकोका’ न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती दोषसिद्धी रद्द केली आणि पोलिसांपुढील कबुलीजबाब विश्वासार्ह मानले नाहीत. हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांनी स्थगिती दिली. 29 सप्टेंबर 2008 च्या मालेगाव स्फोटात सहा जण ठार झाले. 31 जुलै 2025 रोजी सातही आरोपी निर्दोष सुटले. त्यांतील लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित यांनी सुमारे नऊ वर्षे जामिनाविना कारागृहात काढली होती. तीनशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले, त्यांतील तीसहून अधिक उलटले. खुद्द नांदेडमध्ये एप्रिल 2006 मध्ये एका घरात झालेल्या स्फोटाच्या खटल्यातील हयात आरोपींची जानेवारी 2025 मध्ये मुक्तता झाली.

या तिन्ही खटल्यांतील आरोपींची नावे, श्रद्धा आणि त्यांच्यावरील आरोप वेगवेगळे आहेत. काळाचा हिशेब मात्र सारखाच : सतरा ते एकोणीस वर्षे. मृतांच्या आप्तांना अपराधी कोण हे कळले नाही आणि सुटलेल्यांची गेलेली वर्षे परत मिळाली नाहीत. आपल्या माणसावर अन्याय झाला म्हणून संतापणाऱ्याने तीच कसोटी दुसऱ्याच्या मुलालाही लावली पाहिजे. अन्यथा तो न्यायाचा आग्रह न राहता केवळ पक्षपात ठरतो. ‘टाडा’, ‘पोटा’ आणि ‘मकोका’ यांनी पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब ग्राह्य धरला. कबुली हाती आली की शास्त्रीय पुराव्याचा ध्यास सुटतो, आणि वरच्या न्यायालयात कबुली कोसळली की सारा खटला कोसळतो. अधिकार वाढले, पण तपासाची गुणवत्ता वाढली नाही, हे या अपयशाचे मूळ आहे.

याउलट कसाबचा खटला आठवावा. हुतात्मा तुकाराम ओंबळे यांनी अंगावर गोळ्या झेलून त्याला जिवंत पकडून दिले. 166 निरपराधांच्या हत्याकांडातील या मारेकऱ्यालाही भारताने वकील दिला, अपिलाची संधी दिली. छायाचित्रे, प्रत्यक्षदर्शी साक्षीदार, शस्त्रे असा भक्कम पुरावा उभा राहिला. हल्ल्यानंतर दीड वर्षाच्या आत, 3 मे 2010 रोजी विशेष न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. त्याच निकालात दोन सहआरोपी पुराव्याअभावी सुटले. 21 नोव्हेंबर 2012 रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली. आरोपीचे हक्क पाळल्याने शिक्षा लांबली नाही. उलट पाकिस्तानची भूमिका जगापुढे उघडी पाडताना या खटल्याचे वजन भारताच्या कामी आले.

तेव्हा मागणी करायची ती तीन गोष्टींची. कठोर कायद्याचा ठरावीक काळाने संसदेत पुनर्विचार व्हावा. अशा खटल्यांसाठी पुरेशी विशेष न्यायालये, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि साक्षीदारांना संरक्षण मिळावे. कारण खटला फार रेंगाळला तर जामिनाची कठोर अटही आड येऊ शकत नाही, असे 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेच आहे. आणि खोटा पुरावा रचणारा अधिकारी कोणत्याही पदावर असो, त्याला उत्तर द्यावे लागावे.

समाजाचेही कर्तव्य आहे. संशयास्पद वस्तू किंवा हालचाल दिसताच पोलिसांना कळवावे, पण एका माणसावरून साऱ्या वस्तीला अपराधी ठरवू नये. प्रत्यक्ष पाहिले असेल तर न्यायालयात जाऊन निर्भयपणे सांगावे आणि वर्षे लोटली तरी साक्षीवर ठाम राहावे. साक्षीदार उलटतो तेव्हा सुरक्षा हरते आणि निरपराधावर खोटी साक्ष होते तेव्हा स्वातंत्र्य हरते. दोन्हींचे रक्षण शेवटी सत्य बोलणाऱ्या नागरिकाच्या हाती आहे. ते बळ आपल्या सर्वांच्या ठायी यावे, एवढीच प्रार्थना.