मोटारगाडीचा ऑक्सिजन सेन्सर : आधी निदान, मग बदल

(हिवरा आश्रम, ता. मेहकर, जि. बुलढाणा येथे शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



कृषिविद्येचा माणूस मोटारीवर बोलणार म्हटल्यावर काहींना हसू आले, ते साहजिक आहे. परंतु अलीकडे पिकाच्या प्रश्नांबरोबर हाही प्रश्न विचारला जातो. इंजिनाचा पिवळा दिवा लागला, अ‍ॅव्हरेज पडले, गॅरेजवाला म्हणतो ऑक्सिजन सेन्सर गेला. तो घरी बदलता येतो काय? येतो. मात्र तो खरोखर गेला आहे काय, हे अगोदर ठरवावे.

सोयाबीनची पाने पिवळी पडली म्हणून आपण लगेच युरियाचे पोते फोडत नाही. खालची जुनी पाने पिवळी असतील तर नत्राची कमतरता, वरची कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या असतील तर लोहाची, आणि पिवळे-हिरवे चट्टे असतील तर पांढऱ्या माशीने आणलेला मोझॅक. गाडीचा पिवळा दिवा हेही केवळ लक्षण आहे.

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. सायलेन्सरच्या नळीत, इंजिनाजवळ बसवलेला हा सेन्सर धुरात शिल्लक राहिलेला प्राणवायू मोजतो व इंजिनाच्या संगणकाला कळवतो. त्यावरून पेट्रोल कमी-जास्त सोडले जाते. आपल्या उसापासून व मक्यापासून होणारे इथेनॉल २० टक्के मिसळले की हवेचे हे प्रमाण साधारण १३.५ वर येते. तो फरकही सेन्सरवरूनच सांभाळला जातो. इथेनॉलमुळे अ‍ॅव्हरेज थोडे कमी होतेच, त्याचा दोष सेन्सरला देऊ नये.

सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय काम करीत नाही, म्हणून त्यात छोटा हीटर असतो. बिघाड पुष्कळदा या हीटरचा असतो. तो बिघडला किंवा सेन्सरचा संदेश बंद पडला, की संगणक अंदाजाने, बहुधा जास्तच, पेट्रोल सोडतो. न जळलेले पेट्रोल पुढच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते व तो भाजून निकामी होतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे धातू असतात. सेन्सर काही हजारांत मिळतो, कन्व्हर्टरला त्याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. म्हणून दिवा लागलेला असताना महिनोन् महिने गाडी चालवणे परवडत नाही.

निदानासाठी गाडीच्या स्टिअरिंगखालच्या जोडणीत लावायचे छोटे स्कॅनर मिळते. पी ०१३५ हा कोड पहिल्या सेन्सरच्या हीटरच्या मंडलातील दोष दाखवतो. अशा वेळी आधी फ्यूज पाहावा. पी ०१७१ म्हणजे हवा जास्त. येथे सेन्सर बहुधा खरेच बोलत असतो. दोष फाटलेल्या व्हॅक्यूम नळीचा, किंवा सेन्सरच्या आधी सायलेन्सरला पडलेल्या भोकाचा असू शकतो. पी ०४२० हा कोड कन्व्हर्टरकडे बोट दाखवतो.

त्यानंतर वायर पाहावी. धान्याच्या कोठाराशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर फार, आणि त्यांना वायर फार प्रिय! तुटलेली वायर नुसती पिळून चिकटपट्टी लावू नये, योग्य जोडणी करावी. हीटरच्या दोन तारांमधील रोध, सेन्सर थंड असताना, बहुतेक गाड्यांत काही ओहम येतो. मल्टिमीटरने मंडल तुटलेले दाखवले तर हीटर गेला. संदेशाचा दाब गरम इंजिनावर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वर-खाली झाला पाहिजे. काही नव्या गाड्यांत वेगळ्या प्रकारचा सेन्सर असतो, त्याला हे माप लागू नाही.

दोष नक्की झाल्यावर गाडीच्या मॉडेलप्रमाणेच सेन्सर आणावा. गाडी वॉरंटीत असेल तर हात लावू नये.

सपाट जागेवर गाडी उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकांना उटी लावावी. खाली शिरायचे असल्यास नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थप्पीवर मुळीच विसंबू नये. जॅक सरकून माणूस दाबला जातो, त्यापुढे सेन्सरची काय किंमत? मजबूत स्टँडच वापरावा. सायलेन्सर थंड होऊ द्यावा. बॅटरीची ऋण तार काढावी. गंज असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल टाकावे. कनेक्टर सोडवताना वायरचा मार्ग लक्षात ठेवावा. वायर जाण्यासाठी बाजूला फट असलेला पाना मिळतो, बहुतेक सेन्सरला २२ मि.मी.चा लागतो.

नवा सेन्सर प्रथम हातानेच आटे धरेपर्यंत फिरवावा. आटे वाकडे गेले तर नळीच खराब होते. आट्यांवर कंपनीचा लेप असल्यास आणखी काही लावू नये. टोकाला तेल, ग्रीस वा बोट लागू देऊ नये. आत चिनीमातीसारखा ठिसूळ भाग असतो, म्हणून खाली पडलेला सेन्सर बसवू नये. पुस्तिकेत सांगितला तेवढाच जोर लावावा. वायर गरम नळीपासून दूर बांधावी. मग कोड पुसून अर्धा-पाऊण तास गाडी चालवावी.

प्रश्नोत्तरांत मोटारसायकलचा विषय निघाला. एप्रिल २०२० पासूनच्या बहुतेक मोटारसायकलींतही हा सेन्सर आहे. आपल्या नेहमीच्या डिझेल ट्रॅक्टरला बहुधा नसतो. आणखी एक धोका येथेच सांगतो. कन्व्हर्टर काही शे अंश तापतो, म्हणून मळणीच्या दिवसांत चाचणीहून आलेली गरम गाडी सोयाबीनच्या कुटारावर किंवा वाळल्या गवतावर उभी करू नये.