नोकरी सांभाळून एम.ए. : दार उघडे आहे, वेळ कोण देणार?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त अभ्यास मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्याकडे दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार होतो. तो झालाच पाहिजे. पण आज आम्ही त्या मुलांच्या आईवडिलांविषयी बोलणार आहोत. आपल्या वस्तीत बँकेत कारकून आहेत, पालिकेत कामाला आहेत, बसवर वाहक आहेत, दवाखान्यात परिचारिका आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत. यातले कितीतरी जण पदवीधर आहेत. बी.ए., बी.कॉम. झाले, नोकरी लागली, लग्न झाले, शिक्षण तिथेच थांबले. "पुढं शिकायचं राहून गेलं," हे वाक्य आम्ही दर दुसऱ्या घरात ऐकतो. आमचे म्हणणे एवढेच, की ते राहून गेलेले नाही. नोकरी न सोडता इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान किंवा मराठी साहित्य घेऊन घरबसल्या एम.ए. करता येते. दार उघडे आहे. फक्त आत जायला काय लागते ते नीट समजून घेतले पाहिजे.

काम करणाऱ्या माणसाने शिकावे, हा विचार आपल्याला नवा नाही. महात्मा फुल्यांनी 1855 साली आपल्या घरात मजुरांसाठी रात्रशाळा चालवली. दिवसभर राबणारा माणूस शाळेच्या वेळेला येऊ शकत नाही, म्हणून त्यांनी शाळेची वेळच बदलली. बाबासाहेबांनी 1915 साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदवी घेतली. अर्थशास्त्र मुख्य विषय, आणि जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. पुढे 1918 ते 1920 या काळात त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, त्यातून पैसे साठवले आणि अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करायला पुन्हा लंडन गाठले. नोकरी हा शिक्षणाचा शेवट नाही, हे त्यांनी स्वतः दाखवून दिले. म्हणूनच 1946 साली सिद्धार्थ महाविद्यालय निघाले तेव्हा नोकरदारांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले गेले.

तीच वाट पुढे रुंद होत गेली. 1971 साली मुंबई विद्यापीठाने पत्राद्वारे शिक्षण सुरू केले. 1982 साली हैदराबादेत देशातले पहिले मुक्त विद्यापीठ निघाले. 1991 पासून त्याला बाबासाहेबांचेच नाव आहे. 1985 साली संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे आपण ज्याला इग्नू म्हणतो ते, स्थापन झाले. 1989 साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आले. आणि आता तर वर्ग मोबाईलच्या पडद्यावर आला आहे.

इथे एक फरक लक्षात ठेवा. दूरशिक्षण म्हणजे पुस्तके घरी येतात, अभ्यासकेंद्रावर ठराविक दिवशी मार्गदर्शन असते, गृहपाठ लिहून द्यायचा आणि केंद्रावर परीक्षा द्यायची. ऑनलाइन म्हणजे नोंदणी, व्याख्याने, साहित्य, शंकानिरसन बहुतेक सारे इंटरनेटवरून. राज्याचे मुक्त विद्यापीठ दूरशिक्षण आपल्या कार्यक्षेत्रातच देते. ऑनलाइनला ती हद्द नसते. कोणते घ्यावे? ज्याच्या घरात इंटरनेटची खात्री नाही, ज्याला कागदावर वाचल्याशिवाय समाधान होत नाही, त्याने दूरशिक्षण घ्यावे. ज्याची पाळी सतत बदलते, ज्याला रविवारीही केंद्रावर जाता येत नाही, त्याला ऑनलाइन सोयीचे.

लोक आम्हाला पहिला प्रश्न विचारतात, "ही डिग्री खरी धरतात का हो?" उत्तर स्पष्ट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, सप्टेंबर 2022 मध्ये जाहीर सूचना काढून सांगितले, की मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची वा ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या वर्गात बसून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची आहे. अशा एम.ए.वर नेट परीक्षाही देता येते. पण तिथे खुल्या गटाला 55 टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गीयांना 50 टक्के गुण लागतात. म्हणजे नुसते पास होऊन भागत नाही. प्राध्यापक होण्याचे मनात असेल त्याने हा आकडा पहिल्या दिवसापासून भिंतीवर लिहून ठेवावा.

"मान्यताप्राप्त" या शब्दावर मात्र आम्ही जोर देतो. आपल्याच ओळखीतल्या एका भावाला एका एजंटाने गाठले. "सहा महिन्यांत एम.ए., परीक्षेची काळजी नको," असे सांगून पैसे घेतले. कागद हाती आला, पण कार्यालयात तो चालला नाही. कष्टाचा पैसा गेला आणि चारचौघांत मान खाली गेली ती वेगळीच. म्हणून ध्यानात ठेवा. एम.ए. सहा महिन्यांत होत नाही. विद्यापीठाला आपले दूरशिक्षण दुसऱ्या कुणाच्या क्लासमार्फत ठेक्याने चालवायला यूजीसीच्या नियमांनी बंदी आहे. मान्यता नुसत्या विद्यापीठाला असून चालत नाही. ती त्या त्या अभ्यासक्रमाला आणि त्या त्या सत्रासाठी असावी लागते. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर ती यादी असते. 2024 पासून प्रवेश घेणाऱ्याला तिथे स्वतःची नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावा लागतो. हा क्रमांक स्वतः काढा. एजंटाच्या हातात आपला मोबाईल देऊ नका. फी थेट विद्यापीठाच्या खात्यात भरा आणि पावती जपून ठेवा. वस्तीतले कॉलेजला जाणारे कोणतेही पोर हे अर्ध्या तासात करून देईल.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पैसा लागतो, कागदपत्रे लागतात, पण सगळ्यात जास्त लागतो तो वेळ. त्याचा हिशोब आम्ही मांडला आहे. दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला साधारण 80 श्रेयांक असतात, आणि एक श्रेयांक म्हणजे 30 तासांचा अभ्यास. म्हणजे एकूण 2,400 तास. दोन वर्षांत पुरे करायचे तर आठवड्याला 23 तास, रोजचे सव्वातीन तास. आठ तास ड्युटी, दोन-तीन तास प्रवास, वर घरकाम करणाऱ्या माणसाने रोज सव्वातीन तास कुठून आणायचे? इथेच माणसे अर्ध्यावर सोडतात आणि स्वतःला दोष देतात, "आपल्याला काही जमत नाही."

बंधू-भगिनींनो, न जमण्याचे कारण डोक्यात नसते, घड्याळात असते. इग्नूत दोन वर्षांचा एम.ए. चार वर्षांपर्यंत पुरा करायची मुभा आहे. तेच 2,400 तास चार वर्षांत वाटले तर आठवड्याला साडेअकरा तास होतात. रोज एक तास आणि रविवारी साडेपाच. हे जमण्यासारखे आहे. म्हणून नोकरदारांना आमचा सल्ला आहे, की पहिल्याच दिवशी चार वर्षांचा बेत करा. सगळे पेपर एकदम देण्याचा हट्ट धरू नका. इग्नूच्या परीक्षा वर्षातून दोनदा, जूनला आणि डिसेंबरला असतात. थोडे थोडे विषय सोडवत जा. गृहपाठ कुणाचा उतरवून देऊ नका. त्यालाही गुण असतात, आणि लिहिण्याचा हात त्यातूनच तयार होतो.

अजून एक. पैसे भरण्याआधी स्वतःची परीक्षा घ्या. इग्नूची पुस्तके ई-ज्ञानकोश नावाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतात. 2017 पासून सरकारच्या 'स्वयम्' या मंचावर व्याख्यानेही मोफत ऐकता येतात. आवडीच्या विषयाचे एक पुस्तक घ्या आणि तीन महिने रोज तासभर वाचा. गोडी लागली तर प्रवेश घ्या. इग्नूत समाजशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र अशा विषयांच्या एम.ए.ला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. बी.कॉम. झालेल्याने बिचकायचे कारण नाही. मात्र तिथली बहुतेक पुस्तके इंग्रजी-हिंदीत आहेत. मराठीतून लिहायचे असेल तर नाशिकच्या आणि मुंबईच्या विद्यापीठात आधी चौकशी करावी. सरकारी नोकरी असेल तर कार्यालयाची लेखी परवानगी लागते का तेही विचारावे, आणि फीच्या सवलतीबाबत समाजकल्याण कार्यालयात जाऊन यावे.

कुणी म्हणेल, "एवढे करून इतिहासाच्या एम.ए.चा उपयोग काय? पगार वाढतो का?" खोटे कशाला बोलायचे? पगार वाढेलच असे नाही, बढती मिळेलच असेही नाही. ज्याला फक्त पगारासाठी शिकायचे आहे त्याने दुसरा अभ्यासक्रम पाहावा. पण आपल्या समाजाला या विषयांची गरज का आहे, ते एका उदाहरणाने सांगतो.

उर्मिला पवार हे नाव तुम्हाला ठाऊक आहे. त्या सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरीला होत्या. नोकरी आणि संसार सांभाळून त्यांनी मराठी साहित्यात एम.ए. केले. तेव्हा ऑनलाइन वगैरे काही नव्हते. पुढे त्यांनी आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीत काम केलेल्या स्त्रियांच्या भेटी घेतल्या, त्यांच्या आठवणी उतरवून घेतल्या, आणि 1989 साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आले. त्या म्हाताऱ्या आयाबायांना कुणी विचारलेच नसते, तर त्यांचे काम त्यांच्याबरोबरच संपले असते. हा आहे या शिक्षणाचा उपयोग. कुणाला काय विचारायचे, ऐकलेले कसे पडताळायचे, कागद कुठे शोधायचा आणि ते कसे मांडायचे, हे या विषयांत शिकवतात.

आपल्या वस्तीत आजही 1982 च्या गिरणी संपात होरपळलेली माणसे आहेत. गावाहून मुंबईला पहिल्यांदा कोण आले, चाळीत पाणी कधी आले, हे विहार उभे करताना बायांनी किती घमेली वाहिली, हे सांगणारे दरवर्षी कमी होत आहेत. बाहेरचा विद्यापीठातला माणूस कधी तरी येईल आणि आपल्यावर लिहील. त्याने जरूर लिहावे. पण जी पोरगी याच गल्लीत वाढली, जिला कोणत्या आजीकडे काय साठलेले आहे ते माहीत आहे, तिने समाजशास्त्राची शिस्त शिकून लिहिले तर त्याची सर वेगळी असेल.

मात्र त्या पोरीला, त्या सुनेला, त्या आईला वेळ कोण देणार? पुरुष अभ्यासाला बसला की घर टीव्हीचा आवाज कमी करते. बाई पुस्तक घेऊन बसली की तिला चार हाका येतात, "अगं, चहा ठेव." काकू, मावशी, तुम्हाला हात जोडून सांगतो, सून वाचत असेल तर ती रिकामी बसलेली नाही. दादांनो, रविवारचे ते साडेपाच तास घरात तुम्ही सांभाळा. फी भरली म्हणजे तुमचे कर्तव्य संपले असे समजू नका. पदवीवर नाव एकाचे असते, पण तास साऱ्या घराने दिलेले असतात.

आणि विहारानेही काही द्यावे. विश्वस्त मंडळापुढे आम्ही तीन मागण्या ठेवतो. पहिली, आठवड्यातून तीन संध्याकाळी दोन तास हे सभागृह नोकरदार विद्यार्थ्यांना शांतपणे बसायला मिळावे. टेबले, पंखा, दिवे आणि एक इंटरनेट जोडणी, एवढे पुरे. दुसरी, प्रवेशाच्या आणि परीक्षा अर्जाच्या तारखा फळ्यावर लिहिण्याची जबाबदारी एका कार्यकर्त्याने घ्यावी. कितीतरी जणांचे वर्ष अभ्यासामुळे वाया जात नाही, चुकलेल्या तारखेमुळे जाते. तिसरी, ज्यांची परीक्षा आहे त्यांना त्या महिन्यात वर्गणीच्या, मंडपाच्या, जेवणावळीच्या कामातून मोकळे करावे, आणि त्याबद्दल कुणी त्यांना टोमणा मारू नये.

बाबासाहेबांनी दिलेल्या तीन शब्दांत शिकण्याचा शब्द पहिला आहे, आणि त्याला वयाची अट कुठेही घातलेली नाही. पुढच्या वर्धापनदिनाला दहावीच्या मुलांच्या रांगेत एखादी अंगणवाडी ताई, एखादा कंडक्टर दादा एम.ए.च्या पहिल्या वर्षाची गुणपत्रिका घेऊन उभा असावा, अशी आमची इच्छा आहे. ज्यांना नाव द्यायचे आहे त्यांनी सभा संपल्यावर थांबावे. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. सोबत पदवीची गुणपत्रिका आणा, आणि घरातले एक माणूसही आणा. तास त्यालाच द्यायचे आहेत.

जयभीम! नमो बुद्धाय!