धावपट्टी दिसली, उतरलो

(मिरजगाव येथील हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून)



बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय, 'समांतर धावपट्ट्या आणि विमानांची सुरक्षितता'. हा विषय मिरजगावात कशाला, असं सकाळपासून जो तो विचारतोय. "आपल्याकडं एक रस्ता धड नाही आणि तुम्ही धावपट्ट्या दोन-दोन सांगताय," असंही एकानं ऐकवलं. (हशा) रस्त्याचं उत्तर माझ्याकडं नाही. पण नवी मुंबईचं विमानतळ 2025 च्या डिसेंबरात सुरू झालंय, तिथं आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्या आहेत, आणि दुसरी झाली की तिथं उतरणाऱ्या विमानांत आपलीच पोरं बसणार आहेत. म्हणून हा विषय.

रडार काय असतं, टॉवर काय करतो, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून पुढं जातो. नसेल तर शेजारच्याला विचारा, त्यालाही ठाऊक नसेल. (हशा) एवढंच लक्षात ठेवा, की विमानतळाजवळ रडारवर दोन विमानांत साधारण तीन सागरी मैल किंवा उंचीत हजार फूट अंतर ठेवतात. ते ठेवायची जबाबदारी जमिनीवरच्या कंट्रोलरची. मी आयुष्यभर तेच केलं.

आता गंमत बघा. हवा स्वच्छ असली की कंट्रोलर वैमानिकाला विचारतो, धावपट्टी दिसते का? पुढचं विमान दिसतं का? वैमानिक 'दिसतंय' म्हणाला, की त्या विमानापासून अंतर राखायचं काम त्याच्या गळ्यात. तीन मैलांचा नियम तिथं सुटतो आणि विमानं जवळजवळ आणता येतात. याला व्हिज्युअल अप्रोच म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोला दोन समांतर धावपट्ट्यांच्या मध्यरेषांत अंतर आहे 750 फूट, म्हणजे 229 मीटर. तिथं वर्षानुवर्षं हवा चांगली असली की दोन विमानं जोडीनं उतरायची. ढग खाली आले की ही जोडी मोडायची आणि तासाला उतरणाऱ्या विमानांची संख्या जवळपास निम्म्यावर यायची. म्हणजे एवढी मोठी सोय वैमानिकाच्या एका शब्दावर उभी होती.

माझं खूळ म्हणा, मत म्हणा, ते आत्ताच सांगून टाकतो. दिवसाउजेडी ठीक. रात्री मात्र दोन विमानांमधलं अंतर नुसत्या डोळ्यांवर सोडू नये. माझे जुने सहकारी यावरून माझी टर उडवतात, उडवू देत.

डोळा फसतो तो कसा? शहराच्या दिव्यांत विमानाचा दिवा हरवतो. वळताना आपलाच पंख शेजारच्याला झाकतो. आणि जे विमान थेट आपल्या अंगावर येतं, ते काचेत जागचं हलतच नाही. रात्री नगर-सोलापूर रस्त्यावर समोरचा एकुलता दिवा उभ्या ट्रॅक्टरचा की येणाऱ्या मोटारसायकलचा, हे शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही ना, तसंच.

डोळा फसल्याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणून आता मुंबईतल्या जुहूचं थोडक्यात सांगतो. जुहू म्हणजे जिथं 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले, तेच. पुढं मोठी विमानं सांताक्रूझला गेली. पण जुहूची मुख्य धावपट्टी 08-26 आणि सांताक्रूझची 09-27. हे आकडे म्हणजे दिशेच्या अंशातलं शेवटचं शून्य काढलेलं. दोन्ही जवळजवळ पूर्व-पश्चिम, आणि एकमेकींपासून काही किलोमीटरवर. महाराष्ट्रात समांतर धावपट्ट्यांचा घोळ इथं झाला, तोही कुणी न आखता! (हशा)

1953 च्या जुलैत बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीचं कॉमेट, तेव्हाचं नव्या जमान्याचं जेट, सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. धावपट्टी जेमतेम अकराशे मीटरची. थांबलं, नशीब. नऊ दिवसांनी तिथूनच उडवून नेलं. एकदा झालं म्हणजे लोक शहाणे होतील, नाही का? 24 सप्टेंबर 1972. जपान एअर लाइन्सचं डीसी-8, लंडनहून टोकियोला निघालेलं, मुंबई मधला थांबा. सकाळची वेळ. धावपट्टी दिसली, उतरले. जुहू! विमान धावपट्टी संपवून पुढं गेलं आणि कायमचं निकामी झालं. माणूस एकही दगावला नाही. त्या कॉकपिटमध्ये आंधळं कुणी नव्हतं हो. त्यांना धावपट्टी खरोखरच दिसली होती. ती दुसरी होती, इतकंच. माणूस जे शोधत असतो ते त्याला दिसतं, आणि…

चिठ्ठी आली. दहाच मिनिटं उरली म्हणताहेत. मी जुहूला दोनच मिनिटं देणार होतो. (हशा)

भरभर सांगतो. 2017 चा जुलै, सॅन फ्रान्सिस्को, रात्र. एक समांतर धावपट्टी बंद, तिचे दिवे मालवलेले. एअर कॅनडाच्या वैमानिकांना वाटलं, पेटलेली आहे ती डावी, म्हणजे आपली उजवी तिच्या पलीकडं. पलीकडं होता टॅक्सी-वे आणि त्यावर चार विमानं उड्डाणाच्या रांगेत. सुमारे 60 फुटांपर्यंत खाली येऊन विमान वर उचललं गेलं. आणि 29 जानेवारी 2025, वॉशिंग्टन. लष्करी हेलिकॉप्टरच्या वैमानिकांनी विमान दिसतंय असं कळवलं, आपलं अंतर आपण राखतो म्हणाले. दोघांची टक्कर झाली, 67 माणसं गेली. एवढ्या खाली टक्कर टाळणारी यंत्रणाही 'वर जा, खाली जा' असा हुकूम देत नाही. साधारण हजार फुटांखाली ती मुद्दाम गप्प ठेवलेली असते.

(श्रोत्यांतून प्रश्न : साहेब, 2024 ला मुंबईत एक विमान उडत असतानाच त्याच पट्टीवर दुसरं उतरलं, ते तर तुमच्याच लोकांनी केलं ना?)

येणारच होता हा प्रश्न. 8 जून 2024, इंडिगो आणि एअर इंडिया. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. कंट्रोलरला लगेच कामावरून बाजूला केलं. आमच्या संघटनेचं म्हणणं होतं, की स्वच्छ हवेत मुंबई-दिल्लीच्या गजबजलेल्या धावपट्ट्यांवर कमी अंतराला नियमानंच मुभा आहे. मी त्या पोराची बाजू घेणार, आधीच सांगतो. तुम्ही त्या खुर्चीत बसून बघा. एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या, दोन्ही एकदम वापरता येत नाहीत, आणि तासाला चाळीसच्या वर विमानं. पण मुभा कशाच्या जोरावर? दिसण्याच्याच. माझं भांडण माणसाशी नाही, त्या मुभेशी आहे.

फळ्यावर एक गणित मांडतो, कुणीतरी खडू द्या. उतरणारं विमान सेकंदाला साधारण 72 मीटर जातं. तीस अंशांनी वाट चुकून शेजाऱ्याकडं वळलं, तर दर सेकंदाला 36 मीटर बाजूला सरकणार. सॅन फ्रान्सिस्को : 229 भागिले 36, सहा सेकंद आणि वर थोडं. नवी मुंबई : दोन धावपट्ट्यांत 1550 मीटर. भागा. त्रेचाळीस सेकंद. बरोबर, या मुलीनं माझ्या आधी सांगितलं. (टाळ्या)

सहा सेकंदांत कंट्रोलरचं वाक्यसुद्धा पुरं होत नाही. त्रेचाळीस सेकंदांत चूक दिसते, सांगता येते, विमान वळवता येतं. 1035 मीटरच्या पुढं अंतर असलं की आंतरराष्ट्रीय नियमांनी उपकरणांच्या आधारे दोन्हीकडं स्वतंत्रपणे उतरवता येतं. मात्र मध्ये किमान 610 मीटरचा मज्जाव-पट्टा आखायचा आणि त्यावर रडारचा पहारा ठेवायचा. पट्ट्यात कुणी पाऊल टाकलं, की शेजारच्या विमानाला ताबडतोब बाजूला काढायचं. नवी मुंबईला त्यासाठी जागा आहे. दुसरी धावपट्टी होईल तेव्हा गर्दी वाढली म्हणून रात्री 'दिसतंय का' विचारायची सवय तिथं लागू नये, एवढंच माझं मागणं.

(प्रश्न : मग वैमानिकानं काय म्हणायचं?)

'रात्री आम्ही हे करत नाही' म्हणायचं. 2023 च्या ऑक्टोबरात लुफ्थान्सानं सॅन फ्रान्सिस्कोला तेच सांगितलं, कंपनीचा नियम आहे म्हणून. त्यांना रांगेबाहेर ताटकळत ठेवलं. शेवटी ते विमान खाडीपलीकडं ओकलंडला जाऊन उतरलं. पुष्कळांनी त्यांना हट्टी म्हटलं. मी टॉवरमध्ये असतो तर मीही वैतागलो असतो, पण त्यांना जागा करून दिली असती. अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. शिर्डी विमानतळावरच्या धुक्याबद्दल ज्यांना विचारायचंय त्यांनी चहाला भेटा.