सप्ताहाचा पहारा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘आपले उत्सव’ ह्या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली आहे. आम्ही पेशाने शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. गायनशास्त्रात आमची गती ती किती असणार! तथापि गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात टाळकऱ्यांच्या मागल्या रांगेत उभे राहण्याचे भाग्य आम्हांस पुष्कळ वर्षे लाभले आहे. त्या एवढ्याशा बळावर आज सप्ताहाविषयीच बोलावयाचे योजिले आहे. त्याला कारणही आहे. पुढील वर्षापासून मंडळाने सात दिवसांचा सप्ताह करावा, अशी सूचना आपणांसमोर आलेली आहे. सप्ताह करावा ह्याविषयी दुमत नाही. कसा करावा ह्याविषयी मात्र दोन मते आहेत. एक मत असे की, नामांकित गायक व कीर्तनकार बोलवावेत, भव्य मंडप घालावा आणि समाजाने स्वस्थ बसून श्रवण करावे. दुसरे मत असे की, बाहेरचे थोडे आणि घरचे पुष्कळ, ह्या प्रमाणात सात दिवस उभे करावेत. आम्ही दुसऱ्या मताचे आहोत. ते का, हे सांगण्याची अनुज्ञा असावी.

प्रथम सप्ताह म्हणजे काय, ते पाहू. सात दिवस कार्यक्रम झाले म्हणजे सप्ताह झाला, असे नव्हे. सप्ताहाचा प्राण वीणा होय. पहिल्या दिवशी वीणापूजन होते आणि विणेकरी वीणा गळ्यात घालून उभा राहतो. तेथपासून समाप्तीपर्यंत ती वीणा भूमीवर ठेवावयाची नाही आणि तिचा झंकार थांबू द्यावयाचा नाही. पहारा संपला की उभ्यानेच एकाने ती दुसऱ्याच्या गळ्यात घालावयाची, परस्परांच्या पायांना हात लावावयाचा आणि मग निघावयाचे. सात दिवसांचे तास होतात १६८. दोन तासांचा एक पहारा धरिला, तर पहारे होतात ८४. आता हा हिशेब एकट्यादुकट्याच्या आवाक्यातला नाही, हे उघड आहे. चौऱ्याऐंशी माणसे, निदान बेचाळीस माणसे दोन-दोन वेळा, पुढे आली तरच वीणा अखंड वाजते. आमच्या पूर्वजांनी ही योजना मोठ्या विचाराने केली असली पाहिजे. गावातल्या कोणा एका धनवंताने सप्ताहाचा सर्व खर्च उचलिला, तरी पहाऱ्यासाठी त्यास गावाच्या दारोदार जावेच लागते.

दिवसाचा क्रमही तसाच पाहण्याजोगा आहे. पहाटे चार वाजता काकडा; सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण; दुपारी गाथ्यावरील भजन; तिसऱ्या प्रहरी प्रवचन; सायंकाळी हरिपाठ; रात्री नवाच्या सुमारास कीर्तन; आणि त्यानंतर उजाडेपर्यंत हरिजागर. अठरा अध्याय आणि सुमारे नऊ हजार ओव्या सात दिवसांत वाचावयाच्या म्हणजे दररोज बाराशे-तेराशे ओव्या येतात. ज्यास उभ्या आयुष्यात एक पुस्तक आद्यंत वाचावयास मिळाले नाही, असा माणूसही सप्ताहाच्या अखेरीस एक महाग्रंथ वाचून उठतो. काकड्याचे सूर वेगळे, हरिपाठाची पावली वेगळी, जागराची चाल वेगळी. नोटेशनचे पुस्तक समोर नसताना हे सर्व गावाच्या कंठात राहिलेले आहे.

ते कसे राहिले, हा प्रश्न शिक्षकास पडणे स्वाभाविक आहे. उत्तर असे की, सप्ताह ही एक शाळाच आहे. सात-आठ वर्षांचा मुलगा प्रथम मागल्या रांगेत टाळ घेऊन उभा राहतो. चुकला तर शेजारचा नुसते डोळ्याने खुणावतो. दोन-तीन वर्षांत तो पुढल्या रांगेत येतो. मग कीर्तनकाराच्या मागे ध्रुपद धरू लागतो. एखादा पखवाजाच्या जवळ रेंगाळतो. पखवाजाच्या डाव्या अंगास लावावयाची कणीक मळून देण्याचे काम प्रथम त्यास मिळते, आणि कणीक किती घट्ट असली म्हणजे घुमारा कसा येतो, हे त्याच्या बोटांस कळू लागते. ह्या शाळेत नापास कोणी होत नाही. कच्चा असलेला मागल्या रांगेत एक वर्ष अधिक उभा राहतो, एवढेच. ह्या परंपरेस पद्धतशीर अध्ययनाची जोड मिळावी म्हणून विष्णुबुवा जोग ह्यांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, हे आपणांस ठाऊक आहेच. पण त्या संस्थेत जाणारा विद्यार्थीसुद्धा प्रथम गावच्या मागल्या रांगेतूनच तयार होत आलेला आहे.

आता पहिल्या मताचा विचार करू. थोर कलावंतांचे श्रवण मुलांस घडावे, ही इच्छा वाईट नाही. पंडित भीमसेन जोशी ह्यांनी आपले गुरू सवाई गंधर्व ह्यांच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात जो संगीत महोत्सव सुरू केला, त्याने महाराष्ट्राचा कान घडविला, हे कोण नाकारील? तेथे सहस्रावधी लोक चित्त एकाग्र करून ऐकतात. तसे ऐकणे हीदेखील एक साधना आहे. परंतु त्या महोत्सवाचा हेतू वेगळा आणि सप्ताहाचा वेगळा. तेथे श्रोता व गायक ह्यांच्यामध्ये व्यासपीठ असते. येथे ऐकणारा तोच गाणारा असतो. आपले मंडळ शंभर-दोनशे कुटुंबांचे. आपण महोत्सवाचे अनुकरण करू गेलो, तर महोत्सवही साधणार नाही आणि सप्ताहही हातचा जाईल.

कला म्हणजे केवळ गायन असेही नव्हे. एका रात्री भारुडे होतात. एकनाथमहाराजांनी चारशे वर्षांपूर्वी जोशी, गोंधळी, वासुदेव अशी किती सोंगे आपल्या भारुडांत उभी केली! ज्यांना गाव दारातून भिक्षा घालीत होता, त्यांच्याच मुखाने गावास उपदेश ऐकविला. आमच्या गावी शिवणकाम करणारे एक गृहस्थ बारा महिने मान वर करून बोलत नसत. परंतु भारुडाच्या रात्री जोशीबुवाचे सोंग घेऊन ते गावच्या सावकारास भर मंडपात त्याचे भविष्य सांगत, आणि सावकारही हसत असे. शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन होते, दह्यालाह्यांचा काला वाटला जातो, आणि पंगत बसते. गंगागिरीमहाराजांच्या परंपरेतील सप्ताहात तर आसपासच्या गावांतून घरोघरच्या भाकरी गोळा होऊन येतात व आमटीबरोबर वाढल्या जातात. आपली भाकरी कोणाच्या पानात पडली आणि आपल्या पानात कोणाची आली, ह्याचा तेथे पत्ता लागत नाही. ह्याहून मोठे प्रवचन ते कोणते?

बंधुभगिनींनो, आपण एका ज्ञातीचे म्हणून येथे जमलो आहोत. तेव्हा ह्या ठिकाणी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्हांस कर्तव्य वाटते. सप्ताह आपल्या मंडळाचा असला, तरी तो केवळ आपल्यापुरता नसावा. गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी, नामदेव शिंपी, चोखोबा महार: प्रत्येकाच्या नावास त्याचा व्यवसाय वा जात चिकटलेली आहे, पण अभंग सर्वांनी सर्वांचे गाइले. वाद्यांकडेच पाहा ना. मिरजेस जे उत्कृष्ट तंबोरे व सतारी होतात, त्या करणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांची, धर्माने मुसलमान. त्यांना लागणारे भोपळे पिकतात मंगळवेढ्याच्या परिसरात, म्हणजे जेथे चोखोबांनी देह ठेविला त्या भूमीत. त्या वाद्यांस २०२४ साली भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. एक सूर लावावयाचा, तर इतक्यांचे हात लागतात. आणि ज्या चोखोबांचे अभंग आपण जागरात गातो, त्यांच्या ज्ञातिबांधवांस पंढरीच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणास लावून उपोषण करावे लागले, हेही विसरता येत नाही. म्हणून आपल्या चौऱ्याऐंशी पहाऱ्यांपैकी काही पहारे शेजारच्या इतर समाजांस आदराने बोलावून द्यावेत.

ह्या बाबतीत गोव्यातील वास्को शहराचा कित्ता गिरविण्यासारखा आहे. तेथे श्रावण शुद्ध सप्तमीस श्रीदामोदराचा भजनी सप्ताह सुरू होतो. अखंड भजन चोवीस तासांचे असते आणि जत्रा पुढे कित्येक दिवस चालते. शहरातील निरनिराळे व्यावसायिक व समाज आपापले ‘पार’ वाजतगाजत, देखाव्यांसह मंदिराकडे आणतात. प्रत्येकाचा पार स्वतंत्र, प्रत्येकाचा अभिमान स्वतंत्र. पण सर्वांचे दार एकच. ज्ञातीचा अभिमान असावा तर असा, म्हणजे देवळापर्यंत मिरवीत न्यावा आणि दारात उतरवून ठेवावा.

दुसरी गोष्ट भगिनींविषयीची. मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, बहिणाबाई ह्यांच्या शब्दांवाचून आपला जागर पुरा होत नाही. मात्र वीणेचा पहारा लावताना यादीत बाईचे नाव घालावयास पुष्कळ गावांतून अद्यापि संकोच होतो. आमच्या तालुक्यातील एका गावी एका विधवा बाईंनी पहारा मागितला. त्यांचे यजमान हयातभर रात्री दोन ते चारचा पहारा करीत. तोच आपणांस द्यावा, एवढेच त्यांचे म्हणणे. पंचमंडळींनी रूढी नाही म्हणून नकार दिला. पुढे ऐन सप्ताहात त्या वेळेस दोन रात्री उभे राहावयास कोणी मिळेना. तिसऱ्या रात्री त्या बाई मंडपात येऊन वीणेसमोर निमूटपणे उभ्या राहिल्या. थकलेल्या विणेकऱ्याने क्षणभर इकडे-तिकडे पाहिले आणि वीणा त्यांच्या गळ्यात घातली. आज त्या गावी पहाऱ्यांच्या यादीत बायकांची नावे निम्म्याला निम्मी आहेत, आणि रूढीचे नाव कोणी काढीत नाही.

रात्री दोन ते चार हीच सप्ताहाची खरी परीक्षा होय. मुले मुंबई-पुण्यास नोकरीला. घरी वृद्ध माणसे. मग काही ठिकाणी मोल देऊन पहारेकरी आणितात, काही ठिकाणी ध्वनिमुद्रित भजन लावून मंडळी निजतात. यंत्रातून नाद अखंड येतो खरा, पण तो कोणी केलेला नसतो. शिवाय कर्ण्यांचा आवाज एवढा, की आजारी माणसास व अभ्यास करणाऱ्या मुलास सप्ताह नकोसा व्हावा. सन २००० च्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ह्या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजविण्यास बंदी केलेली आहे. काही ठरावीक दिवशी शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. पुष्कळांस हे बंधन जाचक वाटते. आमच्या मते हा सप्ताहास मिळालेला आशीर्वाद आहे. काकडा आणि जागर ही दोन्ही त्याच वेळेत येतात. तेव्हा त्या वेळी कर्णा बंद, आणि केवळ माणसाचा कंठ, टाळ व पखवाज. पहाटेच्या शांततेत काकड्याचा सूर उघड्या कंठाने निघाला, तर तो गल्लीच्या टोकापर्यंत पोहोचतो, आणि निजलेल्यास दचकवून नव्हे, गोंजारून उठवितो.

ह्या सर्व विवेचनावरून आमच्या सूचना थोडक्यात अशा: एक, मंडळाच्या प्रत्येक कुटुंबाने निदान एक पहारा घ्यावा, परगावच्या मुलांनी रजा काढून रात्रीचे पहारे घ्यावेत. दोन, स्त्रियांची नावे त्याच यादीत, त्याच हक्काने असावीत. तीन, सातांपैकी दोन कीर्तने बाहेरच्या व्युत्पन्न कीर्तनकारांची आणि उरलेली आपल्या व शेजारच्या गावांतील मंडळींची ठेवावीत. कीर्तनाचे मोल घेऊ नये असे तुकोबांनी बजावले आहे. तेव्हा बिदागीची बोली न करता प्रवासखर्च व यथाशक्ती दक्षिणा द्यावी आणि तिचा आकडा जमाखर्चात छापावा. चार, एक रात्र भारुडांची व एक दुपार मुलांच्या पखवाजवादनाची राखावी. पाच, मंडपाच्या शोभेत जे पैसे वाचतील, त्यांतून टाळांचे वीस जोड व दोन पखवाज विकत घेऊन ते वर्षभर मुलांच्या हाती द्यावेत.

ह्यात थाट थोडा कमी दिसेल, हे आम्ही जाणतो. वर्तमानपत्रात छायाचित्र कदाचित येणार नाही. एखाद्या रात्री सूर लागणार नाही, एखादा मुलगा ठेका चुकेल. चुकू द्या. चुकणारा मुलगा दहा वर्षांनी त्याच ठिकाणी उभा राहून दुसऱ्यास डोळ्याने खुणावील. दुसऱ्याकडून गाववून घेतलेला सप्ताह मात्र मंडप सुटला की त्याबरोबर संपतो.

पहाऱ्यांची कोरी यादी आम्ही बरोबर आणिली आहे. ती व्यासपीठाच्या डाव्या हातास टेबलावर ठेविली असून तीत चौऱ्याऐंशी रकाने आहेत. भोजनास जाण्यापूर्वी ज्यांना इच्छा असेल त्यांनी आपले नाव लिहावे; रात्रीच्या रकान्यांपासून आरंभ केल्यास अधिक आनंद होईल. 

रामकृष्णहरि.